समुद्रापलीकडे कोणास पाठवावें?



मिशनरी म्हटला म्हणजे तो समुद्र ओलांडून आपल्याकडे येणारा मनुष्य, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती. आणि त्यांच्या काळीं ती खरीही होती. 1881 सालीं फ्री मेथडिस्ट मंडळीचे अर्नेस्ट वॉर्ड व त्यांची पत्नी फीबी हीं अमेरिकेहून निघून या देशांत आलीं व बऱ्हाणपुरास राहिलीं. पुढें त्याच मंडळीचें काम आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत वाढलें. आज काळ पालटला आहे. आतां आपल्याच खेड्यांतील एखादा तरुण, किंवा दवाखान्यांत काम करणारी एखादी मुलगी, पाळकाकडे येऊन म्हणते, "एका सेवामंडळाबरोबर मला कांहीं महिने आफ्रिकेंत जावयाचें आहे, मंडळीनें आशीर्वाद देऊन मला पाठवावें."

असा प्रश्न निघाला म्हणजे मंडळींत दोन मतें पडतात. आमच्या नेर भागांतही उपासना आटोपल्यावर हीं दोन्ही मतें मीं ऐकिलीं आहेत. एक बंधु म्हणतो, "केवढें हें भाग्य! ज्यांच्याकडे एके काळीं सुवार्ता आली, त्यांच्याकडून आतां ती बाहेर जाणार." दुसरा म्हणतो, "कापसाला भाव नाहीं, सोयाबीन पावसानें गेलें, कर्जापायीं आपल्या जिल्ह्यांतील किती शेतकऱ्यांनीं जीव दिला हें साऱ्या देशास ठाऊक आहे. शेजारच्या तांड्यावर आपल्यांतलें कोणी वर्षांतून एकदांही जात नाहीं. अशा वेळीं एका माणसाच्या विमानभाड्यासाठीं मंडळीनें झोळी फिरवावी काय?" दोघेही मनापासून बोलतात, म्हणून दोघांसही उत्तर देणें आपणांस प्राप्त आहे. आणि मला असें वाटतें कीं, कोणास पाठवावें व कोणास पाठवूं नये या प्रश्नाचें उत्तर तयारी कशास म्हणावें या दुसऱ्या प्रश्नांत आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. समुद्र ओलांडणें ही स्वतः कांहीं पुण्याई नव्हे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायांत प्रभूनें शास्त्री व परूशी यांस जो दोष दिला आहे, त्यांत हाही एक आहे कीं, एका माणसास आपल्या मतांत आणण्यासाठीं ते जलस्थल पालथें घालीत, आणि तो सांपडला म्हणजे त्यास आपल्याहून वाईट करून सोडीत. त्यांच्या प्रवासांत कष्ट होते, खर्च होता, आवेशही होता. फक्त प्रीति नव्हती. योनानेंही समुद्राची वाट धरिली होती. त्याला तारूं वेळेवर मिळालें, व भाडें त्यानें रोख भरलें. भाडें जमलें आणि वाट मोकळी झाली म्हणजे देवाचें बोलावणें आहेच असें ज्यास वाटतें, त्यानें योनाचें पुस्तक पुनः वाचावें. योना देवाच्या आज्ञेनें नव्हे, तर देवाच्या आज्ञेपासून दूर चालला होता. ज्यास आपल्या गांवचीं माणसें नकोशीं झालीं आहेत, त्यासही दूरचा देश गोड वाटतो.

मग गरीब मंडळीनें कोणास पाठवूंच नये काय? तसेंही नाहीं. अंत्युखियाच्या मंडळीकडे पाहा. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायांत दुष्काळाची सूचना मिळतांच तेथील शिष्यांनीं ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें यहूदीयांतील बंधूंस मदत पाठविली. तेराव्या अध्यायांत त्याच मंडळीनें उपास व प्रार्थना करून, हात ठेवून, बर्णबा व शौल यांस रवाना केलें. भुकेलेल्या बंधूस मदत आणि दूरच्या देशास सेवक, हीं दोन्हीं कामें एकाच मंडळीनें केलीं. एकासाठीं दुसरें सोडलें नाहीं. आणखी हेंही पाहावें कीं, तिनें जे दोघे पाठविले ते तिच्यांतील उत्तम शिक्षक होते.

आपल्या देशांतलेंच उदाहरण पाहिजे असल्यास मिझोरमकडे पाहावें. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळींतील स्त्रिया 1910 सालापासून स्वयंपाकासाठीं तांदूळ काढतांना त्यांतील एक मूठ देवाच्या कामासाठीं निराळी ठेवीत आल्या आहेत. डोंगरांतल्या त्या घरांतून कोणाकडे जास्त होतें असें नव्हे. परंतु त्या मुठींच्या राशीचा आधार घेऊन त्या मंडळीचे शेंकडों सेवक देशाच्या इतर भागांत व देशाबाहेरही काम करीत आहेत. तेव्हां गरिबी ही अडचण नव्हे. ज्या मंडळीला पाठविणें हें आपलें काम वाटतें, तिला मूठ सांपडते. खरी अडचण ही कीं, आपण ज्यास पाठवितों तो काय होऊन जातो हें आपण विचारीत नाहीं. काय घेऊन जातो एवढेंच विचारतों.

महाराष्ट्राच्या भूमीवरून आफ्रिकेंत सुवार्तेचे सेवक जाणें ही नवी गोष्ट नाहीं. दीडशें वर्षांपूर्वींच ती घडली आहे, पण आपल्या मंडळ्यांतून ती फारशी सांगितली जात नाहीं, म्हणून येथें थोड्या विस्तारानें सांगतों.

1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिकजवळ शरणपूर नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें. त्या काळीं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनीं भरलेलीं गलबतें निघत. इंग्रजी आरमार त्यांतील कांहीं पकडून गुलामांस मुंबईस आणी, आणि त्यांतील पुष्कळ मुलांस शरणपुरास आश्रय मिळे. आईबापांपासून हिरावलेलीं तीं लेंकरें गोदावरीच्या कांठीं लहानाचीं मोठीं झालीं. तेथें त्यांस लिहिणें-वाचणें, पवित्र शास्त्र आणि सुतारी-लोहारकामासारखे धंदे शिकविले जात. 1864 सालीं त्यांच्यापैकीं विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर व जॉर्ज डेव्हिड या तिघांस मोंबासाकडील मिशनच्या मदतीस पाठविण्यांत आलें. पुढें 1874 सालीं शरणपूरचे प्राइस साहेब स्वतः मोंबासास गेले, तेथें मुक्त झालेल्या गुलामांसाठीं फ्रिअरटाउन ही वसाहत झाली, आणि शरणपूरची आणखीही माणसें तिकडे गेलीं.

त्यांची तयारी कशी होती? हातांत धंदा होता, शास्त्राचें ज्ञान होतें, आणि रूपानें तीं माणसें तेथल्या लोकांसारखींच होतीं. पाठविणारांस वाटलें असेल कीं आतां कांहीं उणें नाहीं. परंतु तीं ज्या निरनिराळ्या जमातींतून धरून नेलीं गेलीं होतीं त्यांच्या बोली एक, आणि मोंबासाच्या आसपासची बोली दुसरी. त्यांचें राहणें, त्यांचा वेष, त्यांचें शिक्षण हीं सारीं हिंदुस्थानांत घडलेलीं. इतिहासांत त्यांस 'मुंबईचे आफ्रिकन' असेंच नांव पडलें. त्या किनाऱ्यावर तीं परकीं राहिलीं, आणि मान व वेतन यांविषयीं गोऱ्या अधिकाऱ्यांशींही त्यांचे खटके उडाले.

वाचकहो, यांत आपणांस एक इशारा आहे. आपला तरुण म्हणतो, "मी कांहीं गोरा साहेब नाहीं. मी गरिबींतून आलों, मी शेतकऱ्याचा मुलगा. मला तेथें गर्व होणार नाहीं." पण रंग जुळल्यानें किंवा गरिबी जुळल्यानें मनुष्य तेथला होत नाहीं. ज्यांचा जन्मच आफ्रिकेंतला, त्यांनाही ती भूमि पुनः शिकावी लागली. मग आपणांस ती न शिकतां कशी येईल?

याच शरणपूरच्या लोकांत दोघांचीं कामें अशीं आहेत कीं, त्यांवरून तयारीचा खरा अर्थ कळतो. पहिला जेकब वेनराइट. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभीं डेव्हिड लिव्हिंग्स्टन साहेब आफ्रिकेच्या अंतर्भागांत चितांबो नांवाच्या सरदाराच्या गांवीं मरण पावले. जवळ दुसरा कोणी पाळक नव्हता. शरणपुरास शिकलेल्या जेकबानें प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली व तेथल्या झाडावर साहेबांचें नांव कोरलें. मग सुसी, चुमा, जेकब व त्यांचे सोबती यांनीं तें शव हजाराहून अधिक मैल वाहून समुद्रकिनाऱ्यास पोहोंचविलें. वाटेंत ताप होता, भय होतें. टाकून जाण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. 18 एप्रिल 1874 रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन झालें, तेव्हां जेकब तेथें होता.

दुसरा विल्यम जोन्स. 1885 सालीं त्यास दीक्षा मिळाली, व त्याच सालीं बिशप जेम्स हॅनिंग्टन यांच्याबरोबर तो युगांडाच्या वाटेस लागला. वाटेंत बिशपांनीं थोडीं माणसें बरोबर घेऊन पुढें जाण्याचें ठरविलें आणि बाकीचा तांडा जोन्सच्या हवालीं केला. 29 ऑक्टोबर 1885 रोजीं बिशपांस ठार मारण्यांत आलें. ती बातमी आल्यावर जोन्सनें आपल्यावर सोंपविलेल्या माणसांस शेंकडों मैल परत चालवीत 1886 च्या फेब्रुवारींत किनाऱ्याजवळील रबई येथें आणिलें. त्यांच्यापुढें एक निळें निशाण होतें, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता: ईखाबोद. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा चवथा अध्याय ज्यांनीं वाचला आहे त्यांस तो शब्द समजेल. वैभव निघून गेलें, असा त्याचा भाव आहे.

हें कोणत्या सामानांतून आलें? सुतारीच्या हत्यारांतून नव्हे, आणि प्रवासाच्या पेटींतूनही नव्हे. ज्याच्यावर माणसें सोंपविलीं तो त्यांस टाकून पळाला नाहीं. आणि हार झाली तेव्हां ती जय म्हणून त्यानें मिरविली नाहीं. विश्वासूपणा व खरेपणा या दोन गोष्टी मनुष्य परदेशीं जाऊन मिळवीत नाहीं. त्या येथेंच अंगीं बाणलेल्या असल्या तर तेथें कामास येतात, नाहीं तर तेथें त्यांची उणीव उघडी पडते.

खरेपणाची परीक्षा तर गांव सोडण्यापूर्वींच, सरकारी कागदावर सुरू होते. परदेशीं जाणारास पासपोर्ट लागतो, आणि बहुतेक देशांचा व्हिसाही लागतो. त्यावर, तूं कशासाठीं येतोस, असा प्रश्न असतो. पुष्कळ देशांत सहल पाहणारास एक परवाना व धर्मसेवा करणारास दुसरा परवाना असतो. आपल्या भारत सरकारचाही असाच नियम आहे. येथें मोह असा होतो कीं, "सहल" हा शब्द लिहिला तर परवाना लवकर मिळेल. काम देवाचें आहे, तेव्हां एवढ्याशा शब्दाचें काय?

या मोहाची एक जुनी गोष्ट आपल्याच मुंबईची आहे. 6 फेब्रुवारी 1812 रोजीं अमेरिकेंतील सेलम गांवीं पांच तरुणांस दीक्षा देऊन पूर्वेकडे पाठविण्यांत आलें. ते कलकत्त्यास पोहोंचतांच ईस्ट इंडिया कंपनीनें त्यांस देश सोडण्याचा हुकूम केला. त्यांतील न्यूएल व त्यांची पत्नी हॅरिएट मॉरिशसकडे निघालीं. तेथें 30 नोव्हेंबर 1812 रोजीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, हॅरिएटबाई वारल्या. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे 1813 च्या फेब्रुवारींत मुंबईस आले. येथूनही त्यांस विलायतेस पाठविण्याचा हुकूम झाला. तेव्हां त्यांनीं गुपचूप एका गलबतांतून कोचीनची वाट धरिली. परंतु तेथून त्यांस परत मुंबईस आणण्यांत आलें. गव्हर्नर सर इव्हन नेपीयन हे सुवार्तेच्या कामाविषयीं सद्भाव बाळगणारे गृहस्थ होते. त्यांस हें लपून जाणें रुचलें नाहीं. मग हॉल यांनीं गव्हर्नरास उघड पत्र लिहिलें, आपण कोण व कशासाठीं आलों हें स्पष्ट सांगितलें, आणि त्यांच्या सद्सद्विवेकास हांक मारिली. त्या वेळीं त्यांचें जाणें थांबलें, आणि पुढें विलायतेहून राहण्याची मोकळीक मिळाली. केवळ पत्रानेंच सारें झालें असें नव्हे, विलायतेंतील मित्रांचेंही साहाय्य होतें. तरी एवढें खरें कीं, रात्रीच्या गलबतानें जें साधलें नाहीं त्यास दिवसाढवळ्या लिहिलेलें पत्र उपयोगी पडलें. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ त्यांतून झाला.

कोणी म्हणेल, प्रेषितांनींही मनुष्याच्या आज्ञेपेक्षां देवाची आज्ञा मोठी मानिली. होय, परंतु त्यांनीं तें न्यायसभेसमोर उभें राहून सांगितलें, आणि त्याबद्दल फटके खाल्ले. कोणी म्हणेल, पौल दिमिष्कांत टोपलींत बसून कुसावरून उतरला. होय, परंतु जीव वाचविण्यासाठीं लपणें वेगळें आणि परवाना मिळविण्यासाठीं खोटें लिहून देणें वेगळें. शिवाय आपल्या लबाडीचें फळ आपल्या एकट्यास भोगावें लागत नाहीं. आपण परत येतों. ज्या मंडळीनें आपणांस घरांत घेतलें तिच्या दारीं मात्र शिपाई येतो. म्हणून जो कागदावर खरें लिहूं शकत नाहीं, त्यानें तेथें जाऊन सत्याविषयीं बोलूं नये. ज्या देशांत खरें सांगून उपदेशास जातां येत नाहीं, तेथें शिक्षक, परिचारिका, कारागीर म्हणून खरोखर तें काम करण्यास जावें, व तें काम मनापासून करावें.

आतां पैशाविषयीं. आपल्या मंडळींत जो पैसा जमतो तो कोठून येतो हें उपदेशकांस सांगावयास नको. कापूस वेचून आलेली बाई मजुरींतून दहा रुपये काढून ठेविते, तेव्हां घरांत कांहीं तरी कमी पडलेलें असतें. त्या पैशावर जो प्रवास करितो तो स्वतःच्या पैशावर प्रवास करीत नाहीं. या बाबतींत पंडिता रमाबाईंचें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. 1883 सालीं त्या विलायतेस निघाल्या तेव्हां 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहून त्याच्या उत्पन्नांतून त्यांनीं प्रवासखर्चाची सोय केली. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमांत त्या राहिल्या, तेव्हां हिंदुस्थानांत येणाऱ्या भगिनींस मराठी शिकविण्याचें काम त्यांनीं पत्करिलें. फुकटचें अन्न खाल्लें नाहीं. त्याच वर्षीं 29 सप्टेंबर रोजीं तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें अमेरिकेंत विधवांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं मदत मागितली, तेव्हां 1887 सालीं बॉस्टन येथें त्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें, आणि पैशाची व्यवस्था त्याच्याकडे राहिली. 1889 सालीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायांत पौलानेंही हीच रीत ठेविली आहे. वर्गणी एकट्यानें नेली नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें बरोबर घेतलीं, कीं कोणास दोष ठेवण्यास जागा राहूं नये. पौलासारख्यास जी खबरदारी आवश्यक वाटली ती आपल्या तरुणास अपमानाची वाटूं नये. निघण्यापूर्वीं खर्चाचा अंदाज, आणि परतल्यावर पै-पैचा हिशेब, मंदिराच्या भिंतीवर लावावा.

पैशाला लागूनच छायाचित्रांची गोष्ट आहे. आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे. गरीबांच्या उघड्या लेंकरांचीं चित्रें काढून घरीं पाठविलीं म्हणजे वर्गणी वाढते, असें कांहींस वाटतें. पण आपल्याच खेड्यांतून परक्या पाहुण्यांनीं अशीं चित्रें काढून नेलीं आहेत. ज्या आईनें मुलाला न्हाऊं घालण्यास अजून पाणी आणलें नव्हतें तिचें लेंकरूं त्या चित्रांत कसें दिसलें, व तिच्या मनास काय वाटलें, हें आपणांस कोणीं शिकवावयास नको. जें आपणांस लागलें तें आपण दुसऱ्यास करूं नये.

शरीराच्या तयारीविषयीं थोडक्यांत सांगतों. आफ्रिकेंतील पुष्कळ देशांत जाण्यासाठीं पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रांत निघण्यापूर्वीं निदान दहा दिवस टोंचून घ्यावी लागते व तिचा दाखला जवळ ठेवावा लागतो. तो नसल्यास परत येतांना आपल्याच देशांत वेगळें ठेवितात. हिंवतापापासून बचावाची औषधें डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावीं. असें करणें हा अविश्वास नव्हे. आजारी पडून यजमानांस आपली शुश्रूषा करावयास लावणें ही सेवा नव्हे.

परंतु या सर्वांहून कठीण तयारी म्हणजे पाहुणा होण्याची. प्रभूनें सत्तर शिष्यांस पाठविलें तेव्हां थैली नेऊं नका, ज्या घरीं जाल तेथें पुढें येईल तें खा, अशी शिकवण दिली. म्हणजे देणारे म्हणून जाण्यापूर्वीं त्यांनीं घेणारे व्हावयाचें होतें. मलिता बेटावर तारूं फुटलें तेव्हां तेथल्या रानटी समजल्या जाणाऱ्या लोकांनीं पौलावर उपकार केले. आणि पौल तेथें पहिल्यानें काय करितो, तर शेकोटीसाठीं काटक्या गोळा करितो. दुसऱ्याच्या शेकोटीला काटकी घालण्यास ज्याला कमीपणा वाटतो, तो प्रेषिताच्या मागें जाणारा नव्हे.

ही पाहुणेपणाची शाळा समुद्रापलीकडे नाहीं. आपल्या दाराशीं आहे. नेरच्या आसपास बंजाऱ्यांचे तांडे आहेत, त्यांची गोरमाटी बोली आहे. जिल्ह्यांत पुढें गेल्यास कोलामांचे पोड आहेत. त्यांची कोलामी मराठीशीं नातें सांगत नाहीं. ज्याला स्वाहिली शिकण्याची उत्कंठा आहे, त्यानें आपल्या शेजारच्या बोलींतील किती शब्द शिकले? ज्याला आफ्रिकन बंधूच्या झोंपडींत बसून जेवण्याची हौस आहे, तो पोडावर कोणाच्या ओट्यावर बसून भाकर खाऊन आला आहे काय? आणि याहून जवळचा प्रश्न विचारतों. तो कडू आहे, पण टाळतां येत नाहीं. आपल्याच मंडळींत दुसऱ्या जातींतून आलेला जो बंधु आहे, त्याच्या घरीं आपण पाणी पितों काय? सोयरिकीचें बोलणें निघालें म्हणजे कोण कोणत्या वाड्यांतला हें आपण अजून विचारतों कीं नाहीं? जो समुद्रापलीकडे सर्व माणसें एक आहेत असें सांगण्यास निघाला आहे आणि गल्लीपलीकडे तसें वागत नाहीं, त्याचें विमान उडालें तरी तो येथेंच आहे.

म्हणून वर सांगितलेल्या दोन्ही बंधूंस माझें उत्तर एकच आहे. जो म्हणतो, तांड्यावर कोणी जात नाहीं, त्यानें केवळ आक्षेपासाठीं तांड्याचें नांव घेऊं नये. त्यानेंही तिकडे जावें. ज्यानें स्वतः शेजाऱ्यासाठीं कांहीं केलें नाहीं त्यास दुसऱ्याचा प्रवास अडविण्याचा अधिकार नाहीं. आणि जो म्हणतो, पाठवाच, त्यानें घाईनें पाठवूं नये. जाणारास एक वर्ष द्यावें. त्या वर्षांत त्यानें आठवड्यांतून एकदां तांड्यावर किंवा पोडावर जावें. पहिले कांहीं महिने शिकविण्यास नव्हे, तर शिकण्यास. त्या वर्षांत त्यानें कोणाचें देणें असेल तें फेडावें. भावाशीं बांधाचा तंटा असेल तर तो मिटवावा, कारण वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाकडे जाण्याची आज्ञा प्रभूची आहे, आणि परदेशची सेवा हें देखील अर्पणच आहे. वर्ष संपल्यावर उपदेशकानें मंडळींतील वडीलधाऱ्यांस तर विचारावेंच, पण तांड्यावरच्या लोकांसही विचारावें कीं, हा तुमच्याकडे कसा येत असे? त्यांची साक्ष चांगली असली तर त्याचें भाडें जमविण्यास मंडळीनें मागें पाहूं नये; मूठ मूठ धान्य काढावें, पण पाठवावें.

आणि साक्ष चांगली नसली तर? तर त्यास लाजवूं नये. मार्क नांवाचा योहान पंफुल्यांतून परत फिरला, आणि त्याच्यावरून पौल व बर्णबा यांच्यासारख्यांत तीव्र मतभेद झाला. परंतु पुढें त्याच पौलानें तुरुंगांतून त्याला बोलावून घेतलें, कारण तो सेवेस उपयोगी झाला होता. आज जो तयार नाहीं तो कधींच होणार नाहीं असें नव्हे. त्याला थांबविणें ही शिक्षा नव्हे. न थांबवितां पाठविणें हीच त्याला व ज्यांच्याकडे तो जातो त्यांस शिक्षा होईल.

शेवटीं परतीची तयारी. बर्णबा व पौल परत आले तेव्हां त्यांनीं मंडळी एकत्र करून देवानें काय केलें तें सांगितलें. आम्हीं काय केलें तें नव्हे. मग ते बरेच दिवस शिष्यांबरोबर राहिले. आपला प्रवासी परत आल्यावर एका रविवारीं हार-तुरे घेऊन दुसऱ्या दिवशीं नाहींसा होऊं नये. तेथील मंडळीपासून तो काय शिकला तें त्यानें सांगावें. जें साधलें नाहीं तेंही सांगावें, जोन्सच्या निशाणासारखें स्पष्ट. आणि ज्या तांड्यावरून त्याची तयारी झाली त्याच तांड्यावर त्यानें पुनः जावें. तो परत गेला तर तेथल्या लोकांस कळेल कीं आपण त्याच्या प्रवासाची पायरी नव्हतों, आपण त्याचे शेजारी होतों.

उपदेशक बंधूंस माझी विनंति आहे कीं, येत्या महिन्यांत आपापल्या मंडळींत प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय तेरा व चौदा, हे क्रमानें वाचावे, आणि वाचून झाल्यावर लोकांस विचारावें, "आपल्यांतील कोणास आपण पाठवूं शकूं, आणि त्यास पाठविण्यायोग्य करण्यासाठीं आपण काय करूं?" हा प्रश्न विचारणारी मंडळी लहान असो, गरीब असो, तिचें मंदिर गळकें असो, ती अंत्युखियाची धाकटी बहीणच होय. प्रभु आपणां सर्वांस दूरच्यांसाठीं मोठें अंतःकरण आणि जवळच्यांसाठीं खरी प्रीति देवो.

नेर, जिल्हा यवतमाळ.
— एक पाळक